वाळवंटात आरव्ही, नवरा-बायको आणि गोल्फ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोघं निवृत्त. नोकऱ्या मिशिगनमध्ये झाल्या, हिवाळे आता ॲरिझोनाच्या सोनोरन वाळवंटात जातात. अमेरिकेतली मित्रमंडळी, पुण्या-लातूरचे नातेवाईक आणि त्यांच्या ओळखीतले कोण कोण अधूनमधून प्रश्न पाठवत असतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं इथे एकत्र केली आहेत. प्रश्न ज्याने जसा विचारला, जवळपास तसाच ठेवला आहे.

१. काकू, आरव्ही म्हणजे व्हॅनिटी व्हॅनसारखं काही असतं का?

दिसायला थोडंफार तसंच. गाडीतच पलंग, शेगडी, फ्रिज, संडास-बाथरूम आणि पाण्याच्या टाक्या असतात. बसएवढी मोठी ती क्लास ए, साधी व्हॅन ती क्लास बी आणि ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली ती क्लास सी. आमची क्लास सी आहे. मागे एक छोटी कार ओढत नेतो, कारण तळ एकदा टाकला की कोथिंबीर आणायला कोणी घर हलवत नाही. गोल्फच्या बॅगा बाहेरच्या सामानाच्या कप्प्यात असतात. त्या शॉवरमध्ये उभ्या करून ठेवणारी जोडपीही आहेत. ती अंघोळ कुठे करतात, हे मी विचारलेलं नाही.

२. वाळवंटात उकाड्याने जीव जात नाही का?

उन्हाळ्यात जाईल. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा रोज ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस किंवा त्याच्या वर गेला. म्हणूनच इथला हंगाम हिवाळ्याचा. मिशिगन, मिनेसोटा आणि कॅनडाचे लोक थंडी चुकवायला येतात, त्यांना ‘स्नोबर्ड’ म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत दुपारी विशीच्या आसपास तापमान असतं, रात्री मात्र चार-पाच अंशांवर उतरतं. येताना लोक शॉर्ट्स आणतात आणि स्वेटर विसरतात.

३. राहता कुठे? भाडं किती?

हंगामाचा मोठा भाग क्वार्टझाइटला. फिनिक्सहून लॉस एंजेलिसकडे जाणाऱ्या आय-१० वर, कॅलिफोर्नियाच्या हद्दीच्या अलीकडे हे लहानसं गाव आहे. जानेवारीत इथे आरव्हींचं मोठं प्रदर्शन भरतं आणि गावाची जत्रा होते. गावाबाहेरच्या सरकारी जमिनीवर ‘ला पोसा’ नावाचा लांब मुक्कामाचा तळ आहे. ती जमीन ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची, सगळे बीएलएम म्हणतात. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या अख्ख्या हंगामाचा परवाना अनेक वर्षं १८० डॉलर आणि १४ दिवसांचा ४० डॉलर राहिला आहे. निघण्याआधी चालू दर त्यांच्याकडून विचारून घ्या. तळावर पाणी भरायची, सांडपाणी सोडायची आणि कचरा टाकायची सोय आहे. वीज नाही, नळजोडणी नाही, आखलेली जागाही नाही. दगड बघायचा, सपाट जमीन बघायची आणि गाडी लावायची.

परवान्याच्या तळाबाहेर बीएलएमच्या बहुतेक मोकळ्या जमिनीवर फुकट राहता येतं, पण २८ दिवसांत १४ दिवसच. नंतर जागा बदलावी लागते. हंगामाचा उरलेला भाग आम्ही ॲरिझोनातल्याच युमा शहराच्या एका आरव्ही पार्कमध्ये काढतो. तिथे वीज, नळ, ड्रेनेज असं सगळं मिळतं आणि भाडंही त्या मानाने असतं.

४. पाणी किती दिवस पुरतं?

आमच्या टाकीत सुमारे १५० लिटर मावतं. दोघांना ते आठवडाभर पुरवता येतं. पाहुण्यांना दोन दिवसही पुरत नाही.

माझं माहेर लातूर, त्यामुळे हे गणित मला कोणी शिकवावं लागलं नाही. अंघोळ म्हणजे अंग ओलं करायचं, नळ बंद करायचा, साबण लावायचा आणि मगच धुवायचं. गरम पाणी येईपर्यंतचं गार पाणी बादलीत धरून ठेवायचं. ताटं आधी कागदाने पुसायची आणि मग दोन पातेल्यांत धुवायची. खरी अडचण भरण्यापेक्षा रिकामं करण्याची असते. सांडपाण्याची एक टाकी आणि शौचाची दुसरी, आणि सांडपाण्याची आधी भरते. जमिनीवर काहीही सोडायचं नाही, भांड्यांचं पाणीसुद्धा नाही. डम्प स्टेशनवर आधी शौचाची टाकी रिकामी करायची आणि मग सांडपाण्याची, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. हे काम नवऱ्याचं असा आमच्याकडे लेखी नसलेला करार आहे. त्याला अपवाद का लागतो ते प्रश्न १९ मध्ये.

५. वीज नाही तर मिक्सर कसा चालतो? इंडक्शन न्यावं का?

छतावरचं सोलर, बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर यांवर दिवे, फोन, लॅपटॉप आरामात चालतात. चटणीपुरता दोन मिनिटांचा मिक्सरही चालतो. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर इथल्या १२० व्होल्टवर चालत नाही. इथल्या भारतीय दुकानांत ११० व्होल्टचे मिळतात, तो घ्या. फ्रिज गॅसवर चालतो. रात्री हीटर लावला तर जळतो गॅसच, पण त्याचा पंखा बॅटरीवर असतो. थंडीच्या रात्री पहाटेपर्यंत बॅटरी बसते ती त्यामुळे.

पार्कमध्ये ३० अँपची जोडणी असेल तर एकूण ३,६०० वॉट मिळतात. इंडक्शनला १,८०० आणि एसीला साधारण १,५०० लागले की गीझर किंवा मायक्रोवेव्ह लावताच ब्रेकर पडतो. ५० अँपच्या जोडणीवर १२,००० वॉट असतात, तिथे हा प्रश्न येत नाही. मोकळ्या वाळवंटात इंडक्शन विसरा.

६. वहिनी, जेवणाचं काय? बर्गर खाऊन राहता का?

मुळीच नाही. कुकर हा आरव्हीचा खरा सोबती, गॅस वाचवतो आणि पाणीही. वरणभात, मुगाची खिचडी, उसळ, पिठलं हे रोजचं. फोडणी मात्र बाहेर, सावलीच्या कनातीखाली छोट्या शेगडीवर. आत मिरची-हिंगाची फोडणी दिली की धुराचा भोंगा बोंबलतो आणि वास पडद्यांतून आठवडाभर जात नाही. भाकरीही बाहेरच, पण वारा नसेल त्या दिवशी. ज्योत हलली की भाकरी एका बाजूला करपते.

डाळी, पिठं, मसाले यांचा साठा फिनिक्सच्या आसपास चँडलर-टेम्पीकडच्या भारतीय दुकानांतून हंगामाच्या सुरुवातीलाच भरून घेतो. भाजीची चैन युमाला. हिवाळ्यात अमेरिकेत खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीचा मोठा हिस्सा त्याच खोऱ्यात पिकतो आणि मेजूल खजुराच्या बागाही तिथे आहेत. संक्रांत जानेवारीत, ऐन गर्दीत येते. तीळगूळ वाटायला शेजारी भरपूर असतात. कॅनडाच्या एका आजोबांना तो इतका आवडला की ते परत मागायला आले.

कढीपत्त्याची गोष्ट वेगळी आहे, ती प्रश्न १४ मध्ये.

७. दिवसभर करता काय? कंटाळा येत नाही?

घरच्यांना हीच काळजी असते. निवृत्तीत वार विसरायला होतात, वाळवंटात तर सगळे दिवस सारखेच. आमच्या आठवड्याला आकार येतो तो टी टाइममुळे, म्हणजे गोल्फ सुरू करायच्या ठरलेल्या वेळेमुळे. ज्या दिवशी खेळायचं त्याच्या आदल्या रात्री क्लब (गोल्फच्या काठ्या) पुसायचे, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, लवकर झोपायचं. इतर दिवशी धुणं, डम्प स्टेशन, वाचन, आणि संध्याकाळी शेजाऱ्यांच्या शेकोटीभोवती गप्पा. नवरा गावातल्या दगडबाजारात रमतो. क्वार्टझाइटमध्ये रत्नांच्या कच्च्या दगडांचे तंबूच्या तंबू लागतात. मला तिथलं कब्रस्तान आवडतं. १८५० च्या दशकात अमेरिकन लष्कराने वाळवंटात उंट वापरून पाहिले, त्यांच्यासोबत आलेला हाजी अली तिथे पुरलेला आहे. लोकांनी त्याचं ‘हाय जॉली’ केलं. १९०२ साली तो वारला, आज त्याच्या थडग्यावर दगडी पिरॅमिड आहे आणि वर धातूचा उंट.

८. गोल्फ म्हणजे श्रीमंतांचा खेळ. परवडतो कसा?

भारतात तसा समज असणं साहजिक आहे. पूना क्लब किंवा चेंबूरचं प्रेसिडेन्सी म्हटलं की सभासदत्वच आठवतं, खारघरला सिडकोने सर्वांसाठी कोर्स, म्हणजे गोल्फचं मैदान, केला तो अलीकडचा. इथे पालिकेचे कोर्स आहेत, कोणीही पैसे भरून खेळावं. फिनिक्सचं पापागो, युमाचं डेझर्ट हिल्स ही त्यातली नावं. स्कॉट्सडेलच्या टीपीसी कोर्सवर, जिथे फेब्रुवारीत फिनिक्स ओपन ही व्यावसायिकांची स्पर्धा होते, हिवाळ्यात एका फेरीला माणशी ३०० डॉलरच्या वर मोजावे लागतात. आम्ही तिथे सामना बघायला जातो. तिथल्या सोळाव्या होलभोवती (ते पार-३, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचं) चहूबाजूंनी प्रेक्षकांचे मजले आहेत आणि वाईट फटक्याला लोक हुर्यो करतात. गोल्फमध्ये एरवी हे सहसा चालत नाही.

स्वस्तात खेळायचं तर तीन गोष्टी. एक, दुपारनंतरचा ‘ट्वायलाइट’ दर घ्या, पण डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो हे लक्षात ठेवून. दोन, कार्ट न घेता ढकलगाडी घेऊन चाला. तीन, ९ होलचे छोटे पार-३ कोर्स धरा. युमा आणि मेसाकडे कित्येक आरव्ही पार्कांचे स्वतःचे असे कोर्स आहेत. वापरलेले क्लब गराज सेलमध्ये मिळतात. माझा पटर (चेंडू होलमध्ये ढकलायची काठी) तिथलाच, आणि नवऱ्याच्या महागड्या पटरपेक्षा तो चेंडू जास्त वेळा आत घालतो.

९. मला गोल्फ येत नाही, नवऱ्याला येतो. एकत्र खेळलो तर भांडणं होणार नाहीत?

होतील, जर तो शिकवायला गेला तर. नियम एकच ठेवा: कोर्सवर न विचारता सल्ला द्यायचा नाही. शिकायचं ते रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, आणि शक्यतो दुसऱ्याकडून.

बाकी खेळातच सोय आहे. तुम्ही पुढच्या टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) मारा, तो मागच्या. कच्च्या खेळाडूला मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीची, म्हणजे हँडिकॅपची, कमाल मर्यादा स्त्री-पुरुष दोघांनाही ५४ आहे, त्यामुळे नवशिक्या बाईचा मुरलेल्या नवऱ्याशी खरा सामना होऊ शकतो. सुरुवातीला ‘स्क्रँबल’ खेळा: दोघांनी मारायचं, ज्याचा चेंडू बरा पडला तिथून पुन्हा दोघांनी मारायचं. दोघंच गेलात तर गर्दीच्या वेळी अनोळखी जोडपं सोबत जोडून देतात. घाबरू नका. आमच्या इथल्या निम्म्या ओळखी अशाच झाल्या.

१०. सकाळी पहिली वेळ घ्यावी ना, उन्हाच्या आधी?

हिवाळ्यात नको. पहाटे गवतावर दव गोठतं, त्यावर चाललं तर गवत मरतं, म्हणून कोर्स उशिरा उघडतात. त्याला ‘फ्रॉस्ट डिले’ म्हणतात. शिवाय थंड हवेत चेंडू कमी जातो. दहाच्या सुमाराची वेळ उत्तम. हवेची आणखी एक गंमत डेथ व्हॅलीत बघायला मिळते. तिथला फर्नेस क्रीकचा कोर्स समुद्रसपाटीच्या २१४ फूट खाली आहे, जगातला सर्वांत खोल. हवा तिथे दाट, त्यामुळे फटका तोकडा पडतो. निदान नवरा तसं म्हणतो.

११. ऑक्टोबरमध्ये आलो तर कोर्स बंद दिसले, असं का?

ओव्हरसीडिंगमुळे. उन्हाळ्यात इथे बर्म्युडा गवत असतं, थंडीत ते तपकिरी होऊन झोपतं. स्नोबर्डना हिरवळ हवी असते, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात बर्म्युडा खरवडून त्यावर राय गवत पेरतात आणि कोर्स दोन-चार आठवडे बंद ठेवतात. उघडल्यावरही काही दिवस कार्ट फक्त पक्क्या वाटेवरून न्यावी लागते. काही कोर्स फेअरवे (मधला लांब गवताळ पट्टा) तसेच तपकिरी ठेवून फक्त टी आणि ग्रीन (होलभोवतालची बारीक हिरवळ) पेरतात. फोन करून विचारा. तपकिरी फेअरवेवर चेंडू छान घरंगळतो, पैसेही कमी पडतात.

१२. वाळवंटात गवताला पाणी घालून गोल्फ खेळता, मनाला लागत नाही?

लागतं. हा प्रश्न लातूरच्या भाचीने विचारला आणि तिचा विचारायचा हक्क आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजहून रेल्वेने लातूरला पाणी आणलं गेलं, पहिल्या फेरीत साधारण ५ लाख लिटर. इथे एकेक कोर्स दिवसाला लाखो लिटर पितो. कोलोरॅडो नदीवर ऑगस्ट २०२१ मध्ये पहिल्यांदाच अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि ॲरिझोनाच्या वाट्याला मोठी कपात आली. तिची झळ पिनाल काउंटीच्या शेतकऱ्यांना सर्वांत आधी बसली.

कोर्सवाल्यांची बाजू अशी की बरेच कोर्स शहरांचं शुद्ध केलेलं सांडपाणी वापरतात. ते खरं आहे, पण सगळे वापरत नाहीत, आणि सांडपाण्यालाही इतर उपयोग असतात. आम्ही आमच्यापुरतं ठरवलं आहे: सांडपाण्यावर चालणारे कोर्स, त्यातही तपकिरी फेअरवे ठेवणारे, आधी. डेथ व्हॅलीचा एकदा खेळलो, पुन्हा गेलो नाही. ऑस्ट्रेलियात कूबर पीडीला गवताविना कोर्स आहे. खेळाडू कृत्रिम हिरवळीचा तुकडा सोबत नेतात, तो अंथरून त्यावरून मारतात, आणि ग्रीनसुद्धा तेल घातलेल्या मातीचं. ॲरिझोनात तसे कोर्स वाढले तर मी पहिली जाईन. नवऱ्याचं मत वेगळं आहे, ते त्याला विचारा.

१३. चेंडू निवडुंगात गेला किंवा जवळ साप दिसला तर?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न, म्हणून नीट सांगते.

विषारी साप किंवा मधमाश्या चेंडूजवळ असतील तर नियम १६.२ प्रमाणे दंडाविना ड्रॉप मिळतो, म्हणजे चेंडू सुरक्षित जागी हातातून खाली सोडून तिथून खेळता येतं. निवडुंगासाठी ही सवलत नाही, हे नियमात स्पष्ट लिहिलेलं आहे. काट्यांतून मारा, नाहीतर ‘अनप्लेएबल’ (खेळता न येणारा) म्हणून एक फटका दंड घ्या आणि दोन क्लबांच्या अंतरात ड्रॉप करा. चेंडू सग्वारोच्या, म्हणजे इथल्या उंच निवडुंगाच्या, खोडात वर रुतला तरी तेच, फक्त ते अंतर चेंडूच्या थेट खालच्या जमिनीपासून मोजायचं. पण तो चेंडू तुमचाच आहे हे ओळखता आलं पाहिजे, नाहीतर तो हरवलेला. काटे टाळायला टॉवेल स्वतःभोवती गुंडाळलेला चालतो, निवडुंगावर टाकलेला चालत नाही. चेंडू कायोटीने (इथला कोल्ह्यासारखा प्राणी) पळवला आणि ते नक्की दिसलं, तर दंड नाही. तो जिथे होता त्या अंदाजाच्या जागी दुसरा ठेवायचा. बऱ्याच कोर्सवर वाळवंटाचा भाग पेनल्टी एरिया (दंडाचा भाग) म्हणून आखलेला असतो, तिथे एक दंड घेऊन बाहेर ड्रॉप करता येतो. स्कोअरकार्डाच्या मागे बघा.

नियमांपलीकडचं: झुडपात हात घालू नका. हिवाळ्यात रॅटलस्नेक सुस्त असतात, पण उबदार दुपारी बाहेर येतात. दोन डॉलरच्या चेंडूसाठी दवाखाना नको. चोया नावाचा निवडुंग अंगाला नुसता घासला तरी त्याचा गोळा चिकटतो. हाताने ओढलात तर हातालाही चिकटेल. बॅगेत जाड दातांचा कंगवा ठेवा, त्याने उडवून टाकायचा. तळावर विंचू असतात, अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली ते हिरवट चमकतात. रात्री बाहेर ठेवलेले गोल्फचे बूट सकाळी झटकूनच घाला.

१४. कॅलिफोर्नियात शिरताना कढीपत्ता काढून घेतात, हे खरं का?

खरं. ब्लाइथजवळ आय-१० वर कॅलिफोर्नियाचं शेतमाल तपासणी नाकं आहे. लिंबूवर्गीय झाडांना मारणारा रोग पसरवणारी एक कीड कढीपत्त्यावरही वाढते, म्हणून रोप किंवा ताजी पानं घेऊन जाऊ नका. ॲरिझोनातली लिंबं-संत्रीही अलीकडेच संपवा. विचारलं तर खरं सांगायचं. वाळवलेला कढीपत्ता डब्यात ठेवा, फोडणीत थोडा कमी पडतो पण चालतो.

१५. आई-बाबा भारतातून आलेत. त्यांना घेऊन यावं का? मेक्सिकोत दात करता येतील?

आणा, पण युमाच्या पार्कमध्ये, मोकळ्या वाळवंटात नाही. कारण प्रश्न ४ मध्ये आहे. जवळच्या मोटेलात त्यांच्यासाठी खोली घेतलीत तर सगळ्यांची झोप होईल.

कागदपत्रं अंगावर हवीतच. हा सीमाभाग आहे. युमाहून क्वार्टझाइटकडे येणाऱ्या ९५ नंबरच्या हायवेवर आणि इतरत्रही देशाच्या आतच बॉर्डर पेट्रोलची नाकी असतात. पाहुण्यांचा पासपोर्ट आणि आय-९४ ची (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीची) प्रत, आणि तुमचं ग्रीन कार्ड. १८ वर्षांवरच्या ग्रीन कार्डधारकाने ते कायम जवळ ठेवावं असा कायदाच आहे. गोल्फला जातानाही.

युमाच्या पश्चिमेला सीमेपलीकडे लॉस अल्गोदोनेस हे दंतवैद्यांचं गाव आहे. गाडी अलीकडे लावून लोक चालत जातात. ग्रीन कार्ड किंवा अमेरिकेचा वैध व्हिसा असला तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. आई-बाबांचा व्हिसा मल्टिपल-एंट्री आणि मुदतीत आहे ना, हे जाण्याआधी तपासा, नाहीतर परत येताना अडकाल. परतीच्या रांगेत हिवाळ्यात तासन् तास जातात.

१६. तुमच्याशी फोनवर बोलायची वेळ सतत का बदलते?

ॲरिझोनातून बदलत नाही. इथे घड्याळ पुढे-मागे करत नाहीत (नवाहो आदिवासींचा प्रदेश सोडून), त्यामुळे भारताशी फरक बारमाही साडेबारा तासांचा. आमचे सकाळचे साडेसहा म्हणजे तुमचे संध्याकाळचे सात. घोटाळा होतो तो आम्ही कोलोरॅडो नदी ओलांडून कॅलिफोर्नियात खेळायला जातो तेव्हा. हिवाळ्यात तिथे एक तास मागे असतं. नदीकाठी फोन कधी या टॉवरची वेळ पकडतो, कधी त्या. टी टाइमच्या दिवशी साधं मनगटी घड्याळ वापरा.

१७. आजारी पडलात तर?

ओरिजिनल मेडिकेअर, म्हणजे सरकारचा ज्येष्ठांसाठीचा आरोग्यविमा, देशभर चालतो. खासगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या मेडिकेअर ॲडव्हांटेजच्या योजना बहुधा तुमच्या भागातल्या डॉक्टरांपुरत्या असतात, बाहेर आणीबाणीपुरतंच संरक्षण मिळतं. लांब मुक्काम ठरवण्याआधी हे बघा. क्वार्टझाइटला मोठं रुग्णालय नाही.

धुळीतून होणारा ‘व्हॅली फीवर’ लक्षात ठेवा. मातीतल्या बुरशीमुळे होतो, खोकला, ताप, थकवा अशी फ्लूसारखी लक्षणं. घरी परतल्यावर असं काही झालं तर डॉक्टरांना ‘हिवाळा ॲरिझोनात काढला’ हे आपणहून सांगा. मिशिगनच्या डॉक्टरांना ते सुचेलच असं नाही.

१८. कोर्सच्या पार्किंगमध्येच रात्रभर आरव्ही लावली तर चालेल?

न विचारता नाही. आरव्हीवाल्यांना मुक्कामाच्या जागा मिळवून देणाऱ्या हार्वेस्ट होस्ट्सकडे गोल्फ कोर्सचीही सोय असलेलं वार्षिक सभासदत्व आहे: एक रात्र फुकट थांबायचं, बदल्यात तिथे खेळायचं किंवा जेवायचं. गाडीत स्वतःचं संडास आणि टाक्या हव्यात. आणि कुठेही लावा, कोरड्या ओढ्यात नको. इथे त्याला ‘वॉश’ म्हणतात. पाऊस डोंगरात पडतो आणि पाणी तुमच्या चाकाखाली येतं. अडथळे लावून बंद केलेल्या, पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावर गाडी घातलीत तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल करायचा कायदा ॲरिझोनात आहे आणि लोक त्याला ‘मूर्ख वाहनचालक कायदा’ म्हणूनच ओळखतात.

१९. एवढी मोठी गाडी तुम्ही पण चालवता, की फक्त काका?

दोघंही. एकाची पाठ धरली, ताप आला, तर दुसऱ्याला डम्पपासून घाटापर्यंत सगळं जमलं पाहिजे. नवऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या महिन्यात टाक्या, गॅस, गाडी मीच सांभाळली. आमच्या मापाच्या गाडीला साधं लायसन्स पुरतं. कॅलिफोर्नियाचं लायसन्स असेल आणि मोटरहोम ४० फुटांपेक्षा लांब असेल तर तिथे वेगळं, विनाव्यावसायिक क्लास बी लायसन्स काढावं लागतं. रिव्हर्स घेताना दोघांनी हातवाऱ्यांवर आधीच एकमत करा आणि एकमेकांशी फोनवर बोला, खिडकीतून ओरडू नका. तळावरचे सगळे खुर्च्या टाकून तेच बघत बसलेले असतात.